नाव घेतल्याशिवाय एंटर नाही

परवा आमच्या ऑफिसात नवा सर्व्हर बसवायला कंपनीची दोन माणसं आली. एकाने खिशातून पेनड्राइव्ह काढून लावला, दुसऱ्याने एका हातातला वडापाव सांभाळत दोन-चार बटणं दाबली आणि बोट एंटरवर नेलं. मी माझ्या टेबलावरून किंचाळले, "अहो थांबा! नाव घ्या आधी!"

"कुणाचं नाव, मॅडम?"

"डिस्कचं."

दोघं एकमेकांकडे बघून हसले. एंटर दाबलं, सगळं व्यवस्थित झालं, चहा पिऊन निघून गेले. मी मात्र बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. पन्नाशीच्या बाईने ऑफिसात रडावं असं काहीही घडलं नव्हतं. पण पेडणेकरांची आठवण आली की माझं हे असं होतं.

आमची संस्था लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात, दुसऱ्या मजल्यावर. अंध वाचकांसाठी आम्ही पुस्तकं वाचून घेतो आणि ध्वनिमुद्रित करून पाठवतो. वाचणारे सगळे हौशी. कोणी निवृत्त शिक्षिका, कोणी बँकेतून लवकर सुटलेले. ही सगळी रेकॉर्डिंग एका सर्व्हरवर असायची, आणि त्या सर्व्हरचे मायबाप होते पेडणेकर. ते लालबागच्या चाळीतले, मूळचे मालवणकडचे. इंजिनीअरिंगची पदवी नाही, कुठला कोर्स नाही. फ्लॉपीच्या काळात कुठल्याशा कंपनीत ऑपरेटर म्हणून लागले आणि जे आलं ते हाताने शिकत गेले. आमच्याकडे ते कंत्राटावर, आठवड्यातून तीन दिवस यायचे. उरलेल्या दिवसांत दादरपासून गिरगावपर्यंतच्या शाळा, दवाखाने आणि छोटी ऑफिसं सांभाळायचे. त्यांनी कधी स्वतःची पाटी लावली नाही. एकाने दुसऱ्याला सांगायचं, "पेडणेकरांना बोलव," एवढ्यावर त्यांचं चालायचं.

उंचीला बेताचे, शर्ट कायम बाहेर, आणि खांद्याच्या पिशवीत आईची पान-सुपारीची चंची. पान ते खात नसत. त्या कापडी चंचीच्या कप्प्यांत त्यांचे पेनड्राइव्ह असायचे, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला. लाल दोरा म्हणजे सर्व्हरची सिस्टीम टाकायचा, हिरवा म्हणजे बिघाड शोधायचा. ते एखाद्या मीटिंगमध्ये चंची सोडायला लागले की नवख्या माणसाला वाटायचं, आता हे काका आपल्याला तंबाखू देणार!

मी तिथे ऑफिस असिस्टंट. हंगामी. पण हे काम आपल्याला यायला पाहिजे अशी मला खुमखुमी, त्यामुळे मी त्यांच्या मागे लागले. मी तोंडाळ म्हणून प्रसिद्ध, आणि त्यांनाही कोणीतरी विचारणारं हवंच होतं. पहिल्यांदा मी स्वतः पेनड्राइव्ह तयार केला तेव्हा सिस्टीमची ती भलीमोठी फाइल सरळ कॉपी करून टाकली. मशीन काही उठेना. 'सुरू करण्यासारखं काही सापडलं नाही' म्हणून पडदा काळा. मी पेनड्राइव्हला शिव्या घालत होते. पेडणेकर स्टुलावर बसून शांतपणे म्हणाले, "साळवी, पत्रिका छापली म्हणून लग्न लागतं का? फाइल नुसती ठेवून चालत नाही. ती विधीपूर्वक लिहावी लागते, तेव्हा मशीनला कळतं की इथून उठायचं आहे."

आणि ते शिकवताना त्यांचा ठरलेला विनोद. "साधा पेनड्राइव्ह म्हणजे पाहुणा, कोपऱ्यात बसतो. हा बुटेबल म्हणजे जावई! आला की घराचा सगळा कारभार त्याच्या हातात. काम झालं की मात्र लगेच घालवायचा, नाहीतर मशीन पुन्हा चालू केलं की हा पहिल्यापासून सुरू." हे ते प्रत्येक वेळी सांगायचे आणि प्रत्येक वेळी स्वतःच हसायचे. मला पाठ झालं होतं, तरी मी हसायचे.

सिस्टीम चढत असताना ते खोलीबाहेर जात नसत. आम्ही म्हणायचो, पेडणेकर, अर्धा तास आहे, चला जेवून घेऊ. ते म्हणायचे, "गॅसवर दूध ठेवून कोणी जेवायला बसतं का?" आणि पडद्यावरच्या त्या सरकणाऱ्या पट्टीकडे बघत बसायचे. झालं की पिशवीतून कागदात बांधलेलं गूळ-आल्याचं मालवणी खाजं काढून प्रत्येकाच्या हातावर एकेक तुकडा. आल्याचा तिखटपणा नाकात गेला की समजायचं, सर्व्हर उठला.

पण त्यांची खरी ओळख म्हणजे ते नाव घेणं. सिस्टीम टाकताना एक जागा अशी येते की मशीन विचारतं, कुठल्या डिस्कवर टाकू? तिथे जी निवडाल ती पुसली जाते. सगळी. तिथे पेडणेकर हात मागे घ्यायचे आणि मोठ्याने डिस्कचं नाव, आकार आणि नंबरचे शेवटचे चार आकडे वाचायचे. बॉक्सवर चिकटवलेल्या पुठ्ठ्यावर तेच चार आकडे लिहिलेले असायचे. दुसऱ्या कोणीतरी ते बघून "बरोबर" म्हणायचं. मगच एंटर. मी शिकायला लागले तेव्हा मलाही सोडलं नाही. "घ्या नाव, सूनबाई. लाजू नका."

मीही कमी नाही. पहिल्याच वेळी ठोकून दिलं:

"दोन डिस्का एका घरात, थोरलीला नमस्कार,
चौऱ्याण्णव बाराचं नाव घेते, तिचा करते उद्धार!"

सगळं ऑफिस हसलं. पेडणेकरांनी ते पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं.

एकदा मी विचारलं, हा काय पोरकटपणा? तेव्हा त्यांनी सांगितलं. दादरच्या एका शाळेत त्यांच्या हातून चुकीची डिस्क पुसली गेली होती. सराव परीक्षेचे सगळे गुण गेले. पुढचा आठवडाभर शिक्षकांशेजारी बसून, पेपरांचे गठ्ठे उघडून, त्यांनी एकेक गुण परत भरला. "मी बघितलं होतं गो बाय. डोळ्यांनी नीट बघितलं होतं. पण डोळ्यांनी वाचताना माणूस आपल्याला पाहिजे ते वाचतो. तोंडाने वाचलं की मग लिहिलेलं असतं ते वाचावं लागतं." हे मंदाताईंना फार आवडलं होतं. मंदाताई म्हणजे आमच्याकडे रेकॉर्डिंग तपासणाऱ्या, स्वतः जन्मापासून अंध. वाचणाऱ्याने एखादी ओळ गाळली की अर्थाची वीण कुठे उसवली ते त्या बरोबर सांगायच्या. त्या म्हणाल्या, "पेडणेकर, आमच्या सगळ्या वाचकांना हे एकदा येऊन सांगा."

आता ते सांगते, जे सांगायचं टाळत इथवर आले.

सर्व्हरवरची सिस्टीम फार जुनी झाली होती. डिस्क भरत आली होती आणि तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती. पेडणेकर दोन वर्षं कमिटीच्या मागे लागले होते. शेवटी एकदाची नवी डिस्क आली, अगदी जुनीसारखीच, त्याच आकाराची. ठरलं असं की नव्या डिस्कवर नवी सिस्टीम टाकायची आणि मग जुनीवरची रेकॉर्डिंग तिच्यावर उतरवायची. जुनी ती थोरली, नवी ती धाकटी. दोन्ही एकाच बॉक्समध्ये, एकीवर एक बसवलेल्या. सिस्टीम टाकताना थोरलीची वायर काढून ठेवायची, म्हणजे चुकूनही तिला धक्का लागायला नको.

शनिवारची सकाळ. मंदाताईंना बसस्टॉपवरून आणायला पेडणेकर खाली गेले, कारण आवारात रस्ता खणला होता. जाताना म्हणाले, "बॉक्स उघडून ठेव. वायर मी येऊन काढतो. घाई करू नको."

मला घाई होती. गिरगावात मावसबहिणीचं डोहाळजेवण होतं आणि ओटी मी भरायची होती. आणि खरं सांगू? मला मिरवायचंही होतं. ते येतील तेव्हा पट्टी अर्धी सरकलेली असेल आणि मी हाताची घडी घालून बसलेली असेन, असं चित्र डोळ्यांपुढे होतं. मी बॉक्स उघडला. दोन सारख्या डिस्का. थोरली कुठली? वरची, अजून कुठली! थोरल्या माणसाला कोणी खाली बसवतं का? मी वरचीची वायर काढली, लाल दोऱ्याचा पेनड्राइव्ह लावला आणि मशीन चालू केलं. पडद्यावर एकच डिस्क दिसली. एकुलत्या एकीचं काय नाव घ्यायचं, आणि ते ऐकणार तरी कोण? मी एंटर दाबलं.

ते दोघं दारात आले तेव्हा पट्टी सरकत होती. पेडणेकरांनी आधी पडदा बघितला, मग उघडा बॉक्स. त्यांचा चेहरा मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. ते धावले. त्या माणसाला मी कधी धावताना पाहिलं नव्हतं. त्यांनी भिंतीतली पिन उपटली.

"थोरली खालती आसा गो," ते म्हणाले. "खालती पंख्याचा वारो लागता म्हणान जुन्या डिस्केक खालती बसवलंय."

म्हाताऱ्या माणसाला वारा लागतो तिथे जागा द्यावी, एवढा साधा विचार. तो मला सुचला नाही.

पेडणेकरांनी पेनड्राइव्ह काढला, त्याचा दोरा गुंडाळला, चंचीत ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू जा. ओटी भरायची आहे ना? जा."

आणि मी गेले. हेच मला सगळ्यात जास्त डाचतं. मी चपला घातल्या, टॅक्सी केली आणि गिरगावात जाऊन नारळ-तांदळाने ओटी भरली.

सोमवारी आले तेव्हा ऑफिसभर झालेलं होतं की पेडणेकरांच्या हातून डिस्क पुसली गेली. त्यांनी स्वतःच सेक्रेटरी साहेबांना तसं सांगितलं होतं. मी त्यांना कोपऱ्यात गाठलं. ते म्हणाले, "सहा वर्षं हंगामी काढलीस. या महिन्यात तुझी कायमची ऑर्डर निघते आहे. मला काय, दोन बोलणी खावी लागतील. तू गप्प रहा." त्यांना खरंच वाटलं होतं की बोलणी खाऊन भागेल. मलाही तेच वाटलं, की वाटवून घेतलं, देव जाणे.

डिस्क बाहेर पाठवली. बरंचसं परत मिळालं, काही तुटक, मध्येच खरखरणारं. पुष्कळ पुस्तकांच्या प्रती वाचकांच्या घरी होत्या, त्या मागवल्या. पण अकरा पुस्तकं कायमची गेली. त्यांतली तीन ठाकूरद्वारच्या कर्णिक बाईंनी वाचलेली. बाई त्या आधीच्या वर्षी वारल्या होत्या. त्यांचा मुलगा येऊन म्हणाला, आईचा आवाज घरी कुठेच नाही, तुमच्याकडचं एखादं रेकॉर्डिंग मिळेल का? त्याला सांगायला पेडणेकरांनाच पुढे केलं. ते त्या माणसासमोर हात जोडून उभे राहिले. मी शेजारच्या टेबलावर पावत्या लावत होते.

पुढे कमिटीची बैठक झाली. मला आत बोलावलं. सेक्रेटरी साहेब म्हणाले, "साळवी, तुम्ही तिथे होतात. एंटर कोणी दाबलं?"

समोर पेडणेकर बसले होते, टेबलावर दोन्ही हात ठेवून.

मी म्हटलं, "पेडणेकरांनी."

न अडखळता घेतलं मी नाव. त्यांनी मान हलवली, मी शाळेतलं उत्तर बरोबर दिल्यासारखी.

त्यांचं कंत्राट संपवलं. पत्रात 'अक्षम्य निष्काळजीपणा' असे शब्द होते, ते मीच टाइप केले. माझी ऑर्डर त्याच आठवड्यात निघाली. आणि ज्या धंद्यात एकाने दुसऱ्याला सांगायचं एवढ्यावर सगळं चालतं, तिथे हेही एकाने दुसऱ्याला सांगितलं. दादरच्या शाळेने दुसरा माणूस बघितला, मग दवाखान्यांनी. वर्षभरात त्यांना कोणी बोलवेनासं झालं. मला हे सगळं कळत होतं. दर महिन्याला मी ठरवायचे, आता सांगू. आधी नोकरी पक्की होऊ दे, मग मुलीची बारावी होऊ दे, मग सासूबाईंचं आजारपण. कारणांना काय तोटा! अशी सात वर्षं गेली. या सात वर्षांत मी त्यांना एकदा फोन केला, दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला. त्यांनी विचारलं, "सर्व्हर बरा आहे ना?"

गेल्या वर्षी मंदाताई काम सोडणार होत्या. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला बाजूला बसवलं. म्हणाल्या, "तुझ्या बांगड्या ओळखते मी. त्या शनिवारी आम्ही जिना चढून आलो तेव्हा आत बांगड्या वाजल्या आणि मागोमाग बटण वाजलं. तिथे तुझ्याशिवाय कोणी नव्हतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"पेडणेकरांनी शपथ घातली. म्हणाले, ती स्वतः सांगेल, थोडा वेळ द्या." मग म्हणाल्या, "फार वेळ घेतलास गं."

दुसऱ्या दिवशी मी सगळं लिहून काढलं आणि सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवलं. जुने साहेब केव्हाच गेले. आताच्या मॅडम तीन वर्षांपूर्वी आलेल्या. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "कोण पेडणेकर?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत, मन मोकळं झालं असेल. पण आता याचं करायचं काय? फाइलला लावून ठेवते." मला वाटलं होतं माझी नोकरी जाईल. काही झालं नाही. कोणी रागावलंसुद्धा नाही. ज्या नोकरीपायी त्या माणसाचं नाव घालवलं, तिला साधा ओरखडासुद्धा उठला नाही.

त्या रविवारी मी लालबागला गेले. चाळीत दार उघडंच होतं. आत निम्मं सामान खोक्यांत भरलेलं. पेडणेकर दोघं कायमचे गावी निघाले होते. ते खूप वाळले होते. शर्ट अजून बाहेरच. मला बघून त्यांचा चेहरा असा फुलला की मला परत फिरावंसं वाटलं.

"अगो, ही साळवी!" ते बायकोला म्हणाले. "आमच्या हापिसातली. हिका सर्व्हरचा सगळा येता. मिया शिकवलंय."

वहिनी बाहेर आल्या. जाडसर, बोलक्या. मला खोक्यावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तुमी होतात मां थंय त्या दिवशी? मग सांगा हेंका. माणसाच्या हातून चूक होता. सात वर्षां झाली, तरी घरात कोणाकडे नजर वर करून बोलणत नाय. मीपण काय काय बोललंय हेंका. एवढा मोठा काम आणि लक्ष खंय होता, म्हणान रोज टोचलंय. आता गावाक चललो, आता तरी विसरा म्हणावा."

मी पेडणेकरांकडे बघितलं. म्हणजे घरीसुद्धा? बायकोलासुद्धा नाही? त्यांनी मला नुसती मान हलवून सांगितलं, नको. अगदी हळू. सगळं आवरत आलंय, नको.

मी आयुष्यात त्यांचं एकदा ऐकलं नव्हतं आणि एकदा ऐकलं होतं. दोन्ही वेळा वाटोळं झालं होतं.

"वहिनी," मी म्हटलं, "ती चूक माझी होती. एंटर मी दाबलं. यांनी स्वतःवर घेतलं आणि मीपण कमिटीसमोर यांचंच नाव सांगितलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. त्यांच्या हातात जुन्या वर्तमानपत्राचा कागद होता, त्यात त्या कपबश्या गुंडाळत होत्या. तो कागद तसाच राहिला.

"आणि तू आता येतंस?" त्या म्हणाल्या. "सात वर्षां खंय होतंस?"

मी हातातलं पाणी खाली ठेवलं.

"गप ऱ्हव," पेडणेकर म्हणाले. "पाहुणी आसा ती."

मी उठले, त्यांच्या पाया पडले. वहिनींच्या पडायला वाकले तर त्या मागे सरल्या. मी दाराबाहेर येऊन चपला शोधत होते. आतून वहिनींचा आवाज आला, रडका, दबलेला, "माका तरी सांगूक होयां होतां. मी काय परकी?"

"तुका सांगलां असतां तर तू काय गप ऱ्हवणारी?" पेडणेकर म्हणाले. "दुसऱ्या दिवशी हापिसात जावन उभी. हिची नोकरी गेली असती."

मी वळून बघितलं. वहिनी त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या होत्या आणि पेडणेकर मान वर करून सरळ त्यांच्याकडे बघत होते. मी दार हळूच ओढून घेतलं आणि जिना उतरले.